नळी, नग एक

कणकवलीच्या डॉक्टर मुणगेकरांनी दोन्ही नळ्या
आठ दिवसांच्या बोलीवर माझ्या हवाली केल्या.
एक शंभर मिलिमीटरची, तीन भिंगांची,
पांढरी, भारदस्त, बँकेच्या मॅनेजरसारखी.
दुसरी साठाची, दोनच भिंगं,
मफलरात गुंडाळून पिशवीत टाकली
तर बघणाऱ्याला वाटावं थर्मास.

"मोठीच घे," ते म्हणाले, "काचेला पर्याय नाही."
खरंच नाही.
पहिल्या रात्री कुणकेश्वरच्या सड्यावर
मोठीतून व्याध पाहिला, तर नुसता पांढरा,
कडेला रंगाचा मागमूस नाही.
धाकटीत त्याला जांभळी झालर,
कोकमाचं बोट बशीला लागावं तेवढी.
निळा आणि लाल एका जागी पोचत नाहीत,
एवढाच त्याचा अर्थ.
एकाच एसटीत बसलेली माणसं
मागच्या-पुढच्या थांब्यावर उतरतात, तसं.

पण मी काटे दुरुस्त करणारा माणूस.
महिन्यातले वीस दिवस स्कूटरवर,
विजयदुर्गापासून शिरोड्यापर्यंत, जेटी जेटीवर.
पायाशी वजनांची पेटी: पाच किलो, दोन, एक,
आणि मखमलीत निजलेली ग्रॅमची पिल्लं.
मागे जागा उरते ती एका माणसाची,
आणि त्या माणसाचं अजून काही ठरलेलं नाही.

आरशाची दुर्बीण मी आधीच बाद केली होती.
खारं वारं आरसा खातं,
शिवाय आमच्या रस्त्यांवर दर खड्ड्याला तो रुसतो,
मुक्कामी पोचून त्याची समजूत काढेपर्यंत
वृश्चिक डोक्यावर.

मंगळवारी तारामुंबरीला शेवंती खोबरेकरचा काटा
वीस ग्रॅम जड दाखवत होता.
तो ताळ्यावर आणला,
आणि गिऱ्हाईक नाहीसं बघून
मोठी नळी तिच्या पाटीवर आडवी केली.
सहा किलो चारशे.
"ह्या खयचा मासा?"
मग माउंट, तिपाई, बॅटरी, कॅमेरा,
आकडा चढत चढत विसाला टेकला.
"असली सुरमय एकट्यान वडूक जमाची नाय," ती म्हणाली.
धाकटी: एक किलो आठशे पन्नास.
पाटीवर आलेलं सगळं वहीत जातं तिच्या,
म्हणून सवयीने लिहिलं,
नळी. नग १. १.८५०.
भावाचा रकाना मोकळा.

तरीही ठरलं नव्हतं.
मी मोठीच्या बाजूने होतो, खोटं कशाला बोलू.
साडेसहा किलो आणि वीस किलो यांतला फरक
खांद्याला कळतो, डोळ्याला नाही.

मग शुक्रवारी, चार दिवस दूधकट असलेलं आभाळ
जेवणानंतर अचानक उघडलं.
मी मिठबावला होतो.
मोठी नळी घरी, कपाटावर.

कातळावर तिपाई उभी केली.
भिंगाला दव धरू नये म्हणून गरम पट्टा.
समुद्रावर एलईडीवाल्या बोटी,
क्षितिजाला हिरवी सूज.
तिच्यावर चार बोटं जागा सोडून, मध्यरात्री,
नरतुरंगातला तो गोल गुच्छ.
तीस-तीस सेकंदांच्या ऐंशी फ्रेम,
अकरा फुकट गेल्या: एक कुत्रं, एक टेम्पो,
बाकी माझाच पाय तिपाईला.

एकोणसत्तर एकावर एक रचल्या.
ठळक ताऱ्यांना जांभळं आहे थोडं.
पुसता आलं असतं. राहू दिलं.

मोठी नळी परत करताना डॉक्टर
नुसतं "हं" म्हणाले.
शेवंतीला फोनवर फोटो दाखवला.
"खय सांडला ह्या मीठ?"
सांगितलं, सतरा हजार वर्षं लागतात तिथला उजेड यायला.
तेवढ्यात बांगडेवाली आली, हात ओले,
तिने माझा फोन पटकन पाटीवर ठेवला.
काटा म्हणाला, एकशे नव्वद.
बरोबर असणार.
मंगळवारीच लावलाय.